किनोआ: नाव परदेशी, नातं चाकवताशी

सुपरमार्केटच्या ज्या कप्प्यात ओट्स, चिया आणि जवसाची पाकिटं असतात, तिथेच एक बारीक, पांढरट दाण्यांचं पाकीट दिसतं. कुणी त्याला क्विनोआ म्हणतं, कुणी किनोआ, तर कुणी कीन्वा. नावाचा उच्चार नीट ठरलेला नसतानाही हे पाकीट अनेक घरांत पोहोचलं आहे. कधी डॉक्टरांनी साखर सांभाळायला सांगितली म्हणून, कधी जिमला जाणाऱ्या मुलाने मागवलं म्हणून, तर कधी व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ पाहून.

आणि मग बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. पहिल्यांदा तो शिजवला जातो, कडवट लागतो, ‘याला काही चव नाही’ असा निकाल लागतो आणि उरलेलं पाकीट फडताळात मागे जाऊन बसतं.

तुमच्या घरातही असं पाकीट पडून असेल, किंवा घ्यावं की न घ्यावं असा विचार चालू असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. किनोआ आहे तरी काय, त्याचा खरोखर किती उपयोग होतो, कुणी तो जपून खावा आणि आपल्या फोडणीत तो कसा छान लागतो, हे सगळं एकेक करून पाहूया.

धान्य नाही, चाकवताचा भाऊ

किनोआ दिसतो धान्यासारखा, शिजतो धान्यासारखा, पण तो खरं धान्य नाही. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी ही सगळी गवताच्या कुळातली. किनोआचं झाड मात्र पालेभाजीच्या कुळातलं आहे. पालक आणि बीट हे त्याचे नातलग. आणि सगळ्यात जवळचा नातलग म्हणजे आपला चाकवत! हिवाळ्यात आपण ताकातला चाकवत करतो, उत्तरेत ज्याला बथुआ म्हणतात, तोच. वनस्पतिशास्त्रात चाकवत आणि किनोआ एकाच प्रजातिगटात मोडतात. चाकवताची आपण पानं खातो, किनोआचं बी खाल्लं जातं, एवढाच फरक. किनोआची कोवळी पानंही खाता येतात.

उपासाला चालणारा राजगिराही असाच. तोही गवतवर्गीय धान्य नाही, तेही एका पालेभाजीचं बी आहे. म्हणजे ‘पालेभाजीचं बी शिजवून खायचं’ ही कल्पना आपल्याला मुळीच नवीन नाही.

किनोआचं रोप माणसाच्या उंचीइतकं किंवा थोडं जास्तही वाढतं. त्याला वर तुरे येतात. लाल, पिवळे, जांभळे. कापणीला आलेलं शेत दुरून रंगपंचमी खेळल्यासारखं दिसतं. बाजारात मुख्यतः पांढरा, लाल आणि काळा असे तीन रंग मिळतात. पांढरा सगळ्यात मऊ शिजतो, लाल आणि काळा थोडे चिवट आणि कुरकुरीत राहतात. नवशिक्यांनी पांढऱ्यापासूनच सुरुवात करावी.

अँडीज पर्वतातली ‘धान्यांची आई’

किनोआचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत आहे. पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर टिटिकाका नावाचं प्रचंड सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,800 मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई शिखर 1,646 मीटर उंच आहे, म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त! तिथे रात्री पाणी गोठतं, दिवसा ऊन भाजतं, हवा विरळ आणि पाऊस थोडा. या सरोवराच्या आसपासच्या पठारावर माणसं हजारो वर्षांपासून किनोआ पिकवत आली आहेत.

इंका लोकांच्या दृष्टीने तर हे पवित्र पीक. ते त्याला ‘धान्यांची आई’ म्हणत. मग 1532 साली स्पॅनिश लोक पेरूत शिरले. त्यांनी स्वतःबरोबर गहू आणि जव आणले. किनोआ हळूहळू मागे पडला आणि ‘गरीब आदिवासींचं खाणं’ असा शिक्का त्याच्यावर बसला. शहरातले लोक त्याकडे पाहीनासे झाले. उंच डोंगरातल्या गावांनी मात्र तो सोडला नाही. कारण साधं होतं: तिथल्या थंडीत आणि रुक्ष जमिनीत दुसरं फारसं काही येतच नव्हतं.

तिथले लोक तो कसा खातात? बटाटा आणि भाज्या घालून त्याचं सूप करतात. पेरूमध्ये सकाळी रस्त्यावरच्या गाड्यांवर किनोआ आणि सफरचंद एकत्र उकळून केलेलं गरम पेय मिळतं. बोलिव्हियात तो भाजून, दळून त्याचं पीठ करतात, अगदी आपल्या सातूच्या पिठासारखं. म्हणजे ज्या पदार्थाला आपण ‘फॅन्सी सॅलड’ समजतो, तो त्याच्या माहेरी रोजचं साधं घरगुती जेवण आहे.

जगाची नजर त्याच्याकडे वळली ती गेल्या काही दशकांत. 1993 साली अमेरिकेच्या नासा संस्थेच्या एका तांत्रिक अहवालात, लांबच्या अंतराळ मोहिमांत पिकवण्याजोगं पीक म्हणून किनोआचा विचार केला गेला. संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे ‘आंतरराष्ट्रीय किनोआ वर्ष’ म्हणून साजरं केलं. आणि मग त्याची मागणी इतकी वाढली की 2006 ते 2013 या काळात त्याचे भाव जवळजवळ तिप्पट झाले.

त्या वेळी जगभर एक प्रश्न विचारला गेला: श्रीमंत देश किनोआ खाऊ लागले म्हणून त्याच्या मूळ मालकांना तो परवडेनासा तर झाला नाही ना? चित्र दुहेरी होतं. भाव वाढल्याने डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या हातात प्रथमच चांगला पैसा आला. दुसरीकडे, जास्त पिकवण्याच्या नादात जमिनीला विश्रांती मिळेना, लामा चरण्याची कुरणं नांगरली गेली, माती वाऱ्याने उडू लागली. पुढे इतर ठिकाणीही किनोआ पिकू लागला आणि 2015 च्या सुमारास भाव कोसळले. ज्यांनी चढ्या भावाच्या भरवशावर शेती वाढवली होती, त्यांना फटका बसला. कांद्याच्या भावाचे चढउतार पाहिलेल्या आपल्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आता आपल्या शेतातही

चांगली गोष्ट अशी की आज किनोआ खायचा तर तो बोलिव्हियातूनच यायला हवा असं राहिलेलं नाही. तो कमी पाण्यात येतो, खारट जमीनही सहन करतो. त्यामुळे भारतातल्या कोरड्या भागांत त्याचे प्रयोग झाले. आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर या अतिशय कमी पावसाच्या जिल्ह्यात तो लावून पाहिला गेला. राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या काही भागांत शेतकरी तो रब्बीचं पीक म्हणून घेतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरणी आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कापणी.

म्हणून पाकीट घेताना मागची बाजू जरूर वाचा. ‘भारतात पिकवलेला’ असं लिहिलेला किनोआ बहुधा स्वस्त पडतो आणि पैसा इथल्या शेतकऱ्याकडे जातो. तुम्ही इंदूरला, उदयपूरला किंवा हैदराबादला राहत असाल, तर कदाचित तो तुमच्यापासून काही तासांच्या अंतरावरच पिकलेला असेल.

‘हे आपलं खाणं नव्हे’ असं घरात कुणी म्हणालं, तर त्यांना साबुदाण्याच्या खिचडीची आठवण करून द्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटा तर थेट अँडीज पर्वतातला, किनोआचा शेजारी. आणि मिरचीही अमेरिका खंडातूनच आलेली. एका ताटलीत चार परदेशी पाहुणे, आणि तरीही एकादशीला आपल्याला त्याहून घरचं काही वाटत नाही!

ताटात नेमकं काय येतं?

आता मुद्द्याचं बोलूया. किनोआबद्दल जाहिराती खूप बोलतात. आकडे काय म्हणतात ते पाहूया.

100 ग्रॅम शिजवलेल्या किनोआत साधारण एवढं असतं:
• ऊर्जा: 120 कॅलरी
• प्रथिनं: 4.4 ग्रॅम
• तंतू (फायबर): 2.8 ग्रॅम
• कर्बोदकं: 21 ग्रॅम

100 ग्रॅम शिजवलेल्या पांढऱ्या भातात साधारण एवढं असतं:
• ऊर्जा: 130 कॅलरी
• प्रथिनं: 2.7 ग्रॅम
• तंतू: 0.4 ग्रॅम
• कर्बोदकं: 28 ग्रॅम

यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, प्रथिनं आणि तंतू यांत किनोआ भाताच्या बराच पुढे आहे. तंतू तर कितीतरी पटीने जास्त. त्यामुळे पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि पोट साफ व्हायलाही मदत होते. दुसरी गोष्ट जाहिराती सांगत नाहीत: कॅलरी जवळजवळ सारख्याच आहेत. म्हणजे भाताऐवजी किनोआची ताटली भरून घेतली की वजन आपोआप उतरेल, असं काही होत नाही. वजन कमी होतं ते पोट लवकर भरून आपण कमी खाल्लं तर.

किनोआचं खरं वैशिष्ट्य त्याच्या प्रथिनांच्या दर्जात आहे. आपल्या शरीराला जी नऊ अमिनो आम्लं बाहेरूनच, म्हणजे अन्नातूनच घ्यावी लागतात, ती सगळी किनोआत असतात. त्यातलं लायसिन नावाचं अमिनो आम्ल तांदूळ आणि गव्हात कमी असतं, किनोआत मात्र चांगलं असतं. शाकाहारी घरांसाठी ही जमेची बाजू आहे. याशिवाय मॅग्नेशियम, लोह आणि फोलेटही त्यातून मिळतं.

पण इथे आपल्या आजीचं शहाणपण लक्षात घ्या. तांदळात जे लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. आणि डाळीत जे कमी असतं, ते तांदळातून मिळतं. म्हणजे साधं वरण-भात, मूगडाळीची खिचडी किंवा भाकरी-पिठलं हेही एकत्र खाल्लं की पूर्ण प्रथिनच होतं. किनोआ हे काम एकटा करतो, आपलं ताट ते जोडीने करतं.

प्रमाणाचंही भान हवं. एका माणसाच्या वाट्याला साधारण 40 ग्रॅम कोरडा किनोआ येतो. त्यातून साडेपाच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. 60 किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे एक वाटी किनोआ खाल्ला म्हणून डाळ, दही, उसळ, शेंगदाणे किंवा अंडी सोडून चालणार नाही.

ज्वारी, नाचणी आणि राजगिऱ्याशी तुलना

कच्च्या 100 ग्रॅममधली प्रथिनं पाहिली तर तांदळात 7 ते 8 ग्रॅम, ज्वारीत सुमारे 10, बाजरीत सुमारे 11 आणि किनोआत 13 ते 14 ग्रॅम असतात. राजगिऱ्यातही जवळजवळ किनोआइतकीच, आणि त्यातलं लायसिनही चांगलं. नाचणीत प्रथिनं 7 ग्रॅमच्या आसपासच, पण कॅल्शियम 300 मिलिग्रॅमच्या वर! हाडांसाठी नाचणीला तोड नाही.

म्हणून ‘किनोआ आला, आता ज्वारी-नाचणी बंद’ असं करणं म्हणजे तोट्याचा सौदा. उलट, किनोआची गोष्ट आपल्याला आपल्याच घराकडे बघायला शिकवते. जे खाणं एके काळी ‘गरिबांचं’ म्हणून बाजूला टाकलं गेलं, त्यासाठी आज सगळं जग जादा पैसे मोजतं. आपल्याकडेही नाचणीची भाकरी आणि वरईचा भात असंच मागे पडत चाललं होतं. 2023 हे भारताच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि पुन्हा त्यांचं कौतुक सुरू झालं. किनोआ घरात यावा, पण त्याने घरच्यांना बाहेर काढू नये.

खिशाला ताण येत असेल तर मनात अपराधी वाटून घेऊ नका. राजगिरा, ज्वारी आणि डाळी यांच्या जोरावर तुमच्या घराचं पोषण उत्तम होऊ शकतं. किनोआ परवडत असेल तर आठवड्यातून एक-दोनदा बदल म्हणून छान. नसेल तर काही अडत नाही.

कुणाला विशेष उपयोगी, कुणी जपून?

मधुमेह असणाऱ्यांसाठी: किनोआचा ग्लायसेमिक इंडेक्स साधारण 53 आहे, म्हणजे कमी गटात. रक्तातली साखर तो पांढऱ्या भातापेक्षा सावकाश वाढवतो. पण त्यात कर्बोदकं आहेतच. ‘शुगर-फ्री’ समजून दोन वाट्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. एक मध्यम वाटी, बरोबर भरपूर भाजी आणि डाळ किंवा दही, हे प्रमाण बरं. औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहारातला मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करा.

ग्लुटेन न चालणाऱ्यांसाठी: सीलिॲक आजार असलेल्यांना गहू, रवा, मैदा, जव हे सगळं कायमचं बंद असतं. घरात असं मूल असेल तर रोजच्या डब्याचा प्रश्न किती अवघड असतो, ते त्या आईबाबांनाच ठाऊक. किनोआत ग्लुटेन नसतं, त्यामुळे उपमा, टिक्की, सॅलड असे पर्याय वाढतात. मात्र पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं आहे ना, ते पाहा. आणि किनोआ पिठाच्या गिरणीत दळायला देऊ नका. तिथे गव्हाचं पीठ त्यात मिसळतंच. घरच्या मिक्सरमध्ये दळा.

लहान मुलं आणि आजी-आजोबांसाठी: मऊ शिजवलेली किनोआ-मूगडाळ खिचडी चावायला सोपी असते. सुरुवात थोड्या प्रमाणाने करा. तंतू जास्त असल्याने एकदम जास्त खाल्लं तर पोट फुगल्यासारखं वाटू शकतं. दिवसभर पाणीही पुरेसं प्या.

जपून कुणी खावा: पालकाप्रमाणे किनोआतही ऑक्झलेट असतं. मुतखड्याचा त्रास झालेला असेल, तर डॉक्टरांना विचारून खा. किडनीच्या आजारात प्रथिनं आणि पोटॅशियम मोजून घ्यावं लागतं, तिथेही सल्ला हवाच. क्वचित कुणाला किनोआची ॲलर्जी असू शकते. पहिल्यांदा थोडासाच खाऊन बघा.

आणि हमखास विचारला जाणारा प्रश्न: उपासाला चालतो का? शास्त्र म्हणतं, तो राजगिऱ्यासारखाच, धान्य नव्हे. पण उपास हा वनस्पतिशास्त्रावर चालत नाही, घरच्या रीतीवर चालतो. तेव्हा हा निर्णय घरातल्या मोठ्यांवर सोडा. राजगिरा आणि वरई आहेतच!

कडूपणा जातो कसा?

किनोआ न आवडण्याचं खरं कारण नव्वद टक्के वेळा एकच: तो नीट धुतला गेलेला नसतो. दाण्यावर सॅपोनिन नावाच्या घटकाचा थर असतो. पक्ष्यांनी दाणे खाऊ नयेत म्हणून झाडाने केलेली ही सोय. रिठा चोळला की जो फेस येतो, तोही सॅपोनिनमुळेच. म्हणजे न धुतलेला किनोआ शिजवणं म्हणजे रिठ्याची फोडणी देणं! अँडीजमध्ये तर किनोआ धुतलेलं पाणी कपडे धुवायला वापरत.

पाकिटावर ‘धुतलेला’ असं लिहिलेलं असलं तरी घरी एकदा धुवाच. पद्धत अशी:

1. दाणे फार बारीक असतात, तांदूळ धुतो तसे धुतले तर पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून बारीक जाळीची गाळणी घ्या. चहाची मोठी गाळणीही चालेल.
2. भांड्यात पाणी घेऊन त्यात दाणे दोन्ही हातांनी हलकेच चोळा. फेस येईल. पाणी गाळून टाका.
3. फेस येणं थांबेपर्यंत तीन-चार वेळा पाणी बदला.
4. पाणी निथळून दाणे कढईत दोन-तीन मिनिटं कोरडे परता. शेंगदाण्यासारखा खमंग वास सुटतो. चवीचं गुपित हेच.
5. एक वाटी किनोआला पावणेदोन ते दोन वाट्या पाणी आणि चिमूटभर मीठ घाला. उकळी आली की आच मंद करा, झाकण ठेवा आणि 12 ते 15 मिनिटं शिजवा.
6. गॅस बंद करून झाकण न काढता पाच-सात मिनिटं वाफ मुरू द्या. मग काट्याने मोकळा करा.

शिजला हे कसं ओळखायचं? दाणा पारदर्शक होतो आणि त्याच्या कडेने एक पांढरी, बारीक शेपटी सुटते, जणू मोड आल्यासारखी. ती दिसली की झालं. लक्षात ठेवा, तो फुगून जवळजवळ तिप्पट होतो. चार माणसांना एक मोठी वाटी पुरते. शिजवलेला किनोआ झाकून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगला राहतो, त्यामुळे रविवारी शिजवून ठेवला की सकाळच्या डब्याची घाई निम्मी होते.

आपल्या चवीचे चार प्रकार

1) कांदा-मटार किनोआ (कांदेपोह्यांच्या धर्तीवर)
साहित्य: शिजवलेला मोकळा किनोआ 2 वाट्या, 1 मोठा कांदा, अर्धी वाटी मटार, 2 हिरव्या मिरच्या, मूठभर शेंगदाणे, मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, 2 चमचे तेल, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं.
कृती: तेलात शेंगदाणे तळून बाजूला काढा. त्याच तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, मिरचीची फोडणी करा. कांदा मऊ झाला की मटार आणि हळद घालून झाकण ठेवा. मटार शिजले की किनोआ, मीठ, साखर घालून हलक्या हाताने हलवा आणि दोन मिनिटं वाफ आणा. वरून लिंबू, खोबरं, कोथिंबीर आणि शेंगदाणे. इंदूरकरांनी वर शेव भुरभुरली तर आमची हरकत नाही.

2) किनोआ-मूगडाळ खिचडी
साहित्य: अर्धी वाटी धुतलेला किनोआ, अर्धी वाटी मूगडाळ, 1 टोमॅटो, 1 गाजर, थोडी फरसबी, आल्याचा तुकडा, जिरं, हिंग, हळद, 3-4 मिरी दाणे, 1 चमचा तूप, मीठ.
कृती: कुकरमध्ये तुपात जिरं, मिरी, हिंग, आलं घाला. चिरलेल्या भाज्या परता. डाळ आणि किनोआ घालून मिनिटभर परता. हळद, मीठ आणि साडेतीन वाट्या गरम पाणी घालून मध्यम आचेवर तीन शिट्ट्या करा. वाफ गेल्यावर घोटून वर तूप घ्या. कढी आणि भाजलेला पापड असेल तर जेवण झालंच. आजारपणातून उठलेल्यांना हाच प्रकार थोडा पातळ करून द्या.

3) काकडी-डाळिंब किनोआ कोशिंबीर
साहित्य: 1 वाटी शिजवून गार केलेला किनोआ, 1 काकडी, अर्धी वाटी डाळिंबाचे दाणे, 2 चमचे दाण्याचं कूट, अर्धं लिंबू, मीठ, साखर, कोथिंबीर, फोडणीसाठी तूप, जिरं, हिरवी मिरची.
कृती: काकडी चोचवून घ्या. सगळं एकत्र करा आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी द्या. लिंबाऐवजी घट्ट दही घातलं तर दहीभातासारखा गार प्रकार होतो. उन्हाळ्यात ऑफिसच्या डब्याला हा उत्तम. डबा मात्र शक्यतो फ्रीजमध्ये ठेवा.

4) गूळ घातलेली किनोआ खीर
साहित्य: अर्धी वाटी धुतलेला किनोआ, 1 चमचा तूप, 3 वाट्या दूध, पाऊण वाटी पाणी, पाव ते अर्धी वाटी किसलेला गूळ, वेलची, बदाम-काजूचे काप.
कृती: तुपात किनोआ खमंग परता. पाणी घालून मंद आचेवर शिजवा. मग दूध घालून दहा मिनिटं आटवा. गॅस बंद करून खीर कोमट झाल्यावरच गूळ घाला, गरम दुधात गूळ घातला की दूध फाटण्याची भीती असते. वेलची आणि सुकामेवा घाला. खीर ही खीरच, गूळ असला तरी मधुमेह असणाऱ्यांनी चवीपुरतीच घ्यावी.

याशिवाय उरलेला शिजवलेला किनोआ थालीपिठाच्या भाजणीत मळा, उकडलेल्या बटाट्यात घालून टिक्की करा, किंवा टोमॅटोच्या सारात एक मोठा चमचा घाला. मुलांना कळणारही नाही.

घेताना आणि ठेवताना

• पहिल्यांदा लहान पाकीट घ्या. घरात सगळ्यांना आवडला की मगच मोठं.
• दाणे एकसारखे, कोरडे आणि खड्याविना हवेत. कुबट वास येत असेल तर घेऊ नका.
• हवाबंद डब्यात, कोरड्या जागी ठेवा. त्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे दमट हवेत लवकर खवट होऊ शकतो. मुंबई, कोकण, गोवा अशा ठिकाणी पावसाळ्यात फ्रीजमध्ये ठेवलेला बरा.
• ‘किनोआ चिप्स’, ‘किनोआ कुकीज’ पाहून हुरळून जाऊ नका. मागची घटकांची यादी वाचा. त्यात मैदा, साखर आणि तेल आधी आणि किनोआ शेवटी असेल, तर ते फक्त नावापुरतं आरोग्य.

तर मग, फडताळात मागे गेलेलं ते पाकीट आज पुढे काढा. आधी त्याची तारीख पाहा. तारीख उलटलेली नसेल, तर गाळणी घ्या, फेस जाईपर्यंत धुवा, खमंग परता आणि उद्या सकाळी कांदा-मटार किनोआ करून बघा. सोबत लिंबाची फोड विसरू नका. आणि संध्याकाळी बाजारात चाकवताची जुडी दिसली, तर तीही घरी आणा. भावंडं आहेत ती, एकाच घरात छान नांदतील.